रेडिएटरजवळची बाकं

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली, हा आपल्याकडचा कायदा मी आयर्लंडमधल्या एनिस गावात लावून पाहिला. तिथल्या शाळेत मी इतिहास शिकवत होते, पण हंगामी. कायम करायचं की नाही हे मुख्याध्यापिका माझा एक तास बघून ठरवणार होत्या. धडा निघाला ऑस्ट्रेलियाचा: तिथले मूळ रहिवासी आणि ब्रिटिश यांच्या पहिल्या भेटी. नवरा म्हणाला, नसते उद्योग करू नकोस, पुस्तकातलं शिकव. मी मान डोलावली आणि घरातले झाडून सगळे रुमाल पर्समध्ये कोंबले.

मधल्या सुट्टीत, वर्ग गरम ठेवणाऱ्या रेडिएटरजवळच्या बाकांवर रुमाल पसरले. थंडीत त्या बाकांवर मुलांचा भारी जीव. मुलं आली, रुमाल बाजूला सारून खुशाल बसली. मी खणखणीत मराठीत सांगितलं, "ही जागा रिकामी होती. आता माझी आहे. उठा." शब्द एकालाही कळला नाही, पण बोट कळलं. कुरकुरत सगळे भिंतीकडे सरकले. मुख्याध्यापिकाही नेमक्या एका रुमालावर बसलेल्या. आता माघार कसली, त्यांनाही उठवलं. त्या निमूट उठल्या आणि मुलांबरोबर भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

मग इंग्रजीत उलगडून सांगितलं. पिढ्यान्‌पिढ्या लोक राहत असलेली जमीन आलेल्यांनी कोणाचीच नाही असं धरलं, झेंडा रोवला, आणि विरोध करणाऱ्यांवर बंदुका चालवल्या. मुलांना चेव आला. मिस, इंग्रजांनी आमच्याशीही हेच केलं, असा एकच गलका. मीही म्हटलं, आमच्याशीही. सोसणाऱ्यांच्या पंगतीत बसायला कोणाला आवडत नाही?

पण गप्प बसेन तर ती मी कसली. विचारलं, ऑस्ट्रेलियात कोणाकोणाची माणसं आहेत? भराभर हात वर गेले. माझा भाऊ मेलबर्नला, म्हणून मीही वर केला. भिंतीशी उभ्या मुख्याध्यापिकांचा हात सगळ्यांत शेवटी गेला.

"त्यांची घरं कोणाच्या जमिनीवर आहेत?"

वर गेलेले हात एकेक करून खाली आले.

तास संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. सप्टेंबरपासून तू कायम, म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की आभार मानायचेही राहिले. त्या मात्र दारातच घुटमळल्या.

"मुलगा पर्थला असतो. दर रविवारी फोनवर त्याच्या बागेचं सगळं विचारते. हे कधी विचारलं नाही."

या रविवारी विचाराल का, असं विचारायला माझी जीभ रेटेना. भावाला मीही अजून विचारलेलं नाही.