पाणी निवळल्यावर कितीची लीडर

हे शाळेतून निवृत्त झाले आणि ह्यांच्या हाताखालची पोरं सुटली. मी मात्र सापडले. तोवर ह्यांचा राग हायस्कूलच्या गणिताच्या तासाला खर्च व्हायचा, घरी यायचा तो उरलासुरला. आता सगळाच घरी राहिला. माझी नोकरी अजून बाकी होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत, चौथीच्या वर्गावर. मी शाळेत गेले की लोहाऱ्याच्या आमच्या घरात हे दिवसभर मोबाइल बघत बसायचे. त्यात मासे धरणारी माणसं दिसली आणि ह्यांनी रॉड मागवला, रीळ मागवलं, हिरव्या रंगाची ब्रेडेड लाइन मागवली. दर रविवारी माकणीच्या धरणावर जायचं ठरलं. मला विचारलं नाही. "डबा घ्यायचा आन् गाडीत बसायचं," एवढंच सांगितलं.

ब्रेड म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी. ताणली तरी लांबत नाही, तुटता तुटत नाही. पण दगडावर घासली की पिंजते, आणि पाणी स्वच्छ असलं की माशाला लांबून दिसते. म्हणून तिच्या टोकाला दीड-दोन हात फ्लुरोकार्बनची तार जोडायची. तिला लीडर म्हणतात. ती पाण्यात जवळजवळ दिसत नाही, दगडाला दाद देत नाही आणि पटकन बुडते. हे सगळं मला कळलं ते पाकिटं वाचून. ह्यांना बारीक अक्षर दिसायचं नाही आणि चष्मा लावायचा नाही.

पहिलं रीळ आलं तेव्हा मी त्यातला एक तुकडा पेल्यातल्या पाण्यात टाकला. तो वरच तरंगत राहिला.

"अहो, ही फ्लुरोकार्बन न्हाय. साधी नायलॉन हाय. फसवलंय तुम्हाला."

हे उठले, पेला उचलला आणि पाणी माझ्या अंगावर टाकलं. "मला फसवणारा अजून जन्माला यायचाय," म्हणाले. पुढच्या आठवड्यात दुसरं रीळ आलं.

दोन्ही लाइनी जोडायची गाठ अवघड असते. ब्रेड लीडरभोवती एकदा वरून, एकदा खालून अशी गुंडाळत जायची, वेणी घातल्यासारखी, आणि मग ओढून घट्ट करायची. ह्यांच्या जाड बोटांना ते जमेना, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. गाठ झाली की हे ती झोपाळ्याच्या कडीला बांधायचे आणि खाली पाण्यानं भरलेली बादली टांगायचे. गाठ टिकली तर गप्प. निसटली तर, "चौथीच्या पोरांत राहून चौथीचीच अक्कल राहिली तुझी." एकदा गाठ टिकली. बादली लोंबत राहिली. मी बघायला वाकले तेवढ्यात ह्यांनी बादलीला वरून लाथ मारली. लाइन तुटली, बादली माझ्या पायावर पडली. अंगठ्याचं नख काळं झालं, पुढं गळूनच गेलं.

"बघ, तुटली का न्हाय?" हे म्हणाले.

त्या दिवसानंतर मी ह्यांच्यासाठी शिकायचं सोडून दिलं आणि माझ्यासाठी शिकायला लागले. शाळेतून आल्यावर इंग्रजीतलं, हिंदीतलं मिळेल ते वाचायचे. घट्ट करायच्या आधी गाठ ओली करायची, कोरडी ओढली की घासून तापते आणि तिथंच कमजोर होते. पाणी गढूळ असलं तर जाड लीडर चालते. निवळलं की बारीक लावायची, कारण जाड तार ताठ असते, आमिष नैसर्गिक हलत नाही आणि मासा शंका घेतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, लीडर ब्रेडपेक्षा थोडी कमी ताकदीची पाहिजे. ब्रेड तीस पाउंड वजन पेलणारी असली तर लीडर वीसची. गळ कुठं बुडालेल्या बाभळीत अडकला, तर ओढल्यावर लीडर तुटते आणि बाकीची लाइन हातात राहते.

माकणीच्या पाण्याखाली पूर्वीची शेतं आहेत. बांध आहेत, बाभळीची खोडं आहेत. गळ अडकतोच.

धरणावर आमच्यासोबत उमरग्याचा एकजण यायचा. त्याचं औषधाचं दुकान होतं. ह्यांचा जुना विद्यार्थी. चाळिशी ओलांडली होती, डोक्यावरचे केस गेले होते, तरी ह्यांच्यासमोर बसताना अंग चोरून बसायचा. ह्यांना सर म्हणायचा, मला बाई. माझी गाठ बघून तो एकदा म्हणाला, "बाई, ही गाठ सोलापूरच्या दुकानात पण कुणाला येत न्हाय. माझ्या रॉडला पण बांधून द्या की."

मी बांधून दिली. तेव्हापासून तो पाण्याकडं बघून मलाच विचारायला लागला. "बाई, आज पाणी निवळलंय. कितीची लावू?"

"तिला काय इचारतोस?" हे म्हणाले. "लीडर म्हणजे पुढारी. आमच्या घरात पुढारी एकच हाय."

तो हसला, कारण हसावं लागलं. मग हळूच माझ्याकडं बघितलं. मी शेंगा सोलत होते. मान न उचलता म्हणाले, "बाराची लाव."

त्यानं बाराची लावली. दुपारपर्यंत त्याला दोन रोहू मिळाले. ह्यांनी चाळीसची तार लावली होती. ह्यांच्या गळाला काही लागलं नाही. परत येताना ह्यांनी लोहाऱ्याच्या अलीकडं गाडी थांबवली, मला म्हणाले, "उतर. चालत ये." मी डब्याची पिशवी घेऊन उतरले. ओळखीच्या एका पालकानं मोटारसायकल थांबवून विचारलं, "बाई, चालत का?" मी सांगितलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

पुढं थंडी पडली. पाणी इतकं निवळलं की काठालगतचे दगड मोजता आले असते. अशा एका रविवारी ह्यांना फोन आला, कुणाच्या तरी पेन्शनच्या भानगडीचा. हे बोलत बोलत गाडीकडं गेले आणि जाताना दुसरा रॉड माझ्या हातात देऊन गेले. "नुसता धरून बस. काय करू नको."

त्या रॉडला सकाळी मी माझ्या मनानं बाराची लीडर बांधली होती. ह्यांना माहीत नव्हतं. कणीक आणि पेंडीचा गोळा पाण्यात होता. मी नुसतीच धरून बसले होते. आधी टोक जरा हललं. मग एकदम वाकलं आणि रीळ करकरत सुटलं. मी उभी राहिले. पदर खोचला. मोठा मासा होता, रॉडमधून त्याचं वजन थेट खांद्यात येत होतं. ओढायची घाई करायची नाही, एवढं मला माहीत होतं. तो पळाला की पळू द्यायचा, थांबला की गुंडाळायचं. उमरग्याचा तो आपला रॉड टाकून जाळी घेऊन धावत आला. "कटला हाय बाई! लई मोठा हाय! सावकाश, सावकाश!"

कितीतरी वेळ ते चाललं. सांगते, मला त्या वेळी जेवढं बरं वाटत होतं तेवढं लग्न झाल्यापासून वाटलं नव्हतं. मासा दमला. काठाजवळ वर आला, एका अंगावर झाला, त्याचे मोठे खवले उन्हात दिसले. उमरग्याचा तो जाळी घेऊन गुडघाभर पाण्यात शिरला.

हे मागून आले. "आण इकडं."

"येऊ द्या काठाला. आलाच की आता."

"आण म्हणतो ना रॉड इकडं."

मी दिला नाही. का नाही दिला ते तेव्हा सुचलंच नाही, हाताची बोटं सुटलीच नाहीत. ह्यांच्या गळ्यात लाइन कापायला नखं काढायचं नेलकटर असायचं. ते ह्यांनी हातात घेतलं, रॉडच्या टोकापुढं वाकले आणि ताणलेली ब्रेड कापली.

आवाज झाला नाही. रॉड एकदम सरळ झाला आणि मी मागं बसले. मासा क्षणभर तिथंच राहिला, त्याला कळलं नसावं. मग शेपटी मारून खोल गेला. तोंडात गळ, मागं दोन हात लीडर आणि हिरव्या ब्रेडचं लांब शेपूट.

"सर," पाण्यातून तो म्हणाला, "त्या लाइनीत गुंतून मरंल की तो."

"मरू दे," हे म्हणाले. "लाइन माझी हाय."

तो तसाच पाण्यात उभा राहिला, हातात रिकामी जाळी. मग बाहेर आला, पँट पिळली, सामान भरलं आणि निघाला. जाताना ह्यांच्या पाया पडला नाही. त्यानंतर तो आमच्यासोबत कधी आला नाही. पुढच्या खेपेला धरणावरच्या एका मच्छीमार बाईनं सांगितलं, बाभळीच्या खोडाला हिरव्या दोरीत गुंतलेला कटला मिळाला, फुगलेला, खाण्यालायक राहिला नव्हता. हे ऐकत होते. डब्यातलं पिठलं आणखी घ्यायला त्यांनी हात पुढं केला.

मी गाठी बांधायचं बंद केलं. ह्यांनीही सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हणजे मागायचं. स्वतःच पन्नास पाउंडाची लीडर आणली, सगळ्यात जाड. तीसच्या ब्रेडला पन्नासची तार. कशीबशी गाठ मारली, वर फेव्हिक्विक लावलं.

मी एकदाच बोलले. "ही ब्रेडपेक्षा दणकट झाली. अडकली तर लीडर तुटायची न्हाय. ब्रेड ओढावी लागंल आन् हात कापंल."

"तुझी शाळा शाळेत," हे म्हणाले.

ती अडकलीच. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पाणी खाली गेल्यावर. ह्यांनी रॉड उजवीकडं ओढला, डावीकडं ओढला. मग रॉड खाली ठेवला आणि ब्रेड उजव्या हाताला गुंडाळायला लागले. मी झाडाखालून ओरडले, "टॉवेल घ्या हातात! उघड्या हातानं न्हाय!" टॉवेल घेऊन मी उठलेसुद्धा. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मला दिसेल असा आणखी एक वेढा घेतला. मग पाठ वळवून जोर लावून चालायला लागले.

ते किंचाळले तेव्हा मला आधी वाटलं साप चावला. ब्रेड तुटली नव्हती. ती तळव्यात रुतून बसली होती, करंगळीच्या आणि शेजारच्या बोटाच्या मुळाशी, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी रक्त येत होतं. त्यांच्या गळ्यातलं नेलकटर घेऊन मी लाइन कापली. वेढे एकेक करून उलगडले. आतलं पांढरं दिसत होतं. हे लहान पोरासारखे, "अगं हळू, हळू" म्हणत होते. मी हळूच करत होते. घाई नव्हती मला.

आमची गाडी मला चालवता येत नव्हती. दुधाच्या गाडीनं लोहाऱ्याला आणलं, तिथून लातूरला. ऑपरेशन झालं. कापलेली शीर जोडली, म्हणाले, पण बोटं पहिल्यासारखी होतील असं नाही. झाली नाहीत. दोन बोटं ताठ राहिली आणि उजव्या हातातली पकड गेली.

आता ह्यांची बटणं मी लावते. पायजम्याची नाडी मी बांधते, भाकरी कुस्करून मी देते. हे हाक मारतात तेव्हा मी लगेच जात नाही. भांडी आवरते, फोन बघते, मग जाते. सुरुवातीला शिव्या द्यायचे. मी म्हणायचे, "आवाज खाली. आवाज खाली झाल्यावर येते मी." दारात उभी राहायचे, आणि ते उघड्या शर्टानं बसून राहायचे. आता शिव्या देत नाहीत. बहिणी म्हणतात, तू लई केलंस गं त्यांचं. मी केलंच आहे.

रविवारी मी माझ्या स्कूटीवरून एकटी माकणीला जाते. सकाळी ह्यांचा डबा भरून ओट्यावर ठेवते. स्टीलचा डबा आहे, झाकण मी तळव्यानं दाबून घट्ट लावते. एका हातानं ते निघत नाही, हे मला माहीत आहे. शेजारच्या घरी डबा घेऊन जावं लागतं, दारात उभं राहून, "जरा झाकण काढून देता का," असं म्हणावं लागतं. शेजारीण एकदा म्हणाली, "बाई, सरांसाठी प्लास्टिकचा डबा आणा की, हलका येतो." मी म्हटलं, प्लास्टिकमधलं ह्यांना आवडत नाही.

धरणावर कधी उमरग्याचा तो भेटतो. सरांची तब्येत विचारत नाही. पाणी बघतो, मी सांगेन ती तार लावतो, जरा लांब जाऊन बसतो.

दुपारी ह्यांचा फोन येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी उचलला.

"काय लागलं का?"

"लागला एक रोहू."

"कितीची लावलीस?"

मी लाइन गुंडाळत राहिले. "अगं, सांग की," ते म्हणाले. "नुसतं इचारतोय. इथं बसून मी काय करणार हाय?" त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. कुणालाही दया आली असती.

मी फोन ठेवला. परत वाजला तेव्हा पिशवीत शेंगांच्या खाली सारला. वारा सुटला होता, काठाकडचं पाणी ढवळून गढूळ झालं होतं. बारीक लीडरची आज गरज नव्हती. मी अठराची घेतली, दोन हात मोजून कापली आणि गाठ मारायच्या आधी तोंडात धरून ओली केली.