फेलेतीचा ट्यूबा आणि अर्धा कंटेनर

ऑकलंडमधल्या आमच्या मांगेऱ्यात पैसा राखून दाखवणारा टोंगन एकच झाला, तो म्हणजे फेलेती. बाकी आम्ही सगळे शुक्रवारी पगार घेणार, शनिवारी पाहुण्यांना डुक्कर खाऊ घालणार, रविवारी उरलंसुरलं चर्चच्या थाळीत टाकणार आणि सोमवारी मेव्हण्याकडे हात पसरणार. फेलेतीच्या मेव्हण्याला मात्र हात पसरलेला फेलेती कधी दिसला नाही, आणि त्याबद्दल तो मेव्हणा जरा नाराजच असायचा.

ओताहुहूच्या गोदामात फेलेती फोर्कलिफ्ट चालवायचा. इथलं उचलून तिथं ठेवायचं काम. दोन खोक्यांच्या मधे वीतभर जागा मोकळी दिसली तरी याचा जीव कासावीस व्हायचा. घरीही तेच. त्याची बायको लोसालिने भरल्या अंगाची आणि भरल्या तोंडाची. ती चारचौघांत सांगायची, "यानं मागणी घातली तेव्हा आधी माझी रुंदी मोजली."

"मोजली म्हणून तर दार मोठं बसवून घेतलं," फेलेती शांतपणे म्हणायचा.

या काटकसरी माणसाच्या घरात एकच वस्तू उधळपट्टीची होती, त्याचा ट्यूबा. पितळेचं ते अजस्र वाद्य अजगरासारखं वेटोळं घालून कोपऱ्यात बसलेलं असायचं. फेलेतीचा बाप टोंगाहून बोटीनं आला तेव्हा त्यानं कपड्यांची पेटी आणली नाही, हा ट्यूबा आणला. बाप गेल्यावर चर्चच्या बँडमधे फेलेती तो वाजवू लागला. फेलेतीच्याच लग्नात चुलतभावांच्या तडाख्यातून वाचवायला म्हणून कोणीतरी एक भाजलेलं डुकराचं पिल्लू त्याच्या भोंग्यात दडवलं होतं. तेव्हापासून उन्हाळ्यात चर्चमधे ट्यूबा तापला की पहिल्या दोन रांगांना भूक लागायची. प्रवचन लांबवायचं नाही हे पाद्रीबुवा त्यामुळेच शिकले.

तर अठ्ठ्याण्णव साली त्यांच्या लेकीला, आकानेसीला, ब्रिस्बेनमधे जुळं झालं. रोज फोनवर तिची रड. शेवटी नवराबायकोनं ठरवलं, ऑकलंडमधला गाशा गुंडाळायचा आणि ब्रिस्बेनला जायचं. फेलेतीनं अर्धा कंटेनर ठरवला. उरलेल्या अर्ध्यात दुसऱ्या कुणाचं तरी सामान. मग त्यानं काय केलं, तर गॅरेजमधली गाडी बाहेर काढली आणि फरशीवर खडूनं त्या अर्ध्या कंटेनरच्या मापाचा चौकोन आखला. भिंतीवर उंचीची रेघ मारली. "या रेघेच्या आत बसेल ते ब्रिस्बेनला, बाहेर राहील ते इथंच," असं जाहीर करून टाकलं. मी रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन तो खेळ बघायला जायचो. टीव्हीवर तेव्हा तसंही काही बरं लागत नव्हतं.

"फ्रीझर आत," लोसालिने म्हणाली.

"रिकामा फ्रीझर म्हणजे हवा. हवेचे पैसे द्यायचे?"

"मग भर त्यात उशा. दोन पोरं पाजणाऱ्या लेकीला काय तुझ्या भोंग्यातून काढून वाढू?"

"बरं, फ्रीझर आत. मग ट्यूबापण आत."

"ट्यूबा न्यायचा तर तू राहा. जागा तेवढीच लागते, तिकीटही वाचेल."

पण फेलेती हटणारा नव्हता. त्यानं भोंग्यात जुळ्यांचे लंगोट कोंबले, लंगोटांच्या मधे मोजे, मोज्यांत चहाचे कप, आणि ट्यूबा चौकोनाच्या कोपऱ्यात बसवला. "आता हे वाद्य नाही," तो म्हणाला, "हे खोकं आहे."

"खोक्याला कोणी रविवारी तेल लावून पुसत नाही," लोसालिने म्हणाली, पण हसली. ट्यूबाची जागा पक्की झाली.

खर्चाचंही त्यानं असंच ठाकूनठोकून बसवलं होतं. कंटेनर, ट्रक, विमान, तिकडच्या घराचं पहिलं भाडं. फक्त निरोपाच्या जेवणापुढे शून्य होतं. कारण निरोप घ्यायचाच नव्हता! आमच्यात निरोप घ्यायचा म्हणजे गावभर लोक चटया आणि झाडाच्या सालीचं छापील कापड घेऊन येणार. त्यांना जेवायला घालायचं. दिलेली भेट नाकारायची सोय नाही, मागे टाकून जायची तर त्याहून नाही. तेव्हा कोणाला पत्ता लागू न देता सोमवारी ट्रक भरायचा आणि सटकायचं, असा बेत.

मला मात्र त्यानं सांगितलं. खोकी मिळवून द्यायची होती ना. "काका, कोणाला बोलू नका हं."

मी कोणाला बोललो? कोणालाच नाही. कावा, म्हणजे आमचं गुंगी आणणारं मुळ्यांचं पेय, प्यायला बसलो होतो, मधे वाटी फिरत होती. वाटीबरोबर बातमीही फिरली, त्याला मी काय करणार?

शुक्रवारपर्यंत त्या गॅरेजमधे होडीएवढ्या लांब चटयांच्या गुंडाळ्या येऊन पडल्या. बायका रडायच्या, चटई ठेवायच्या, डोळे पुसून विचारायच्या, "जेवायला शनिवारी किती वाजता?" खडूची रेघ दिसेनाशी झाली. कंटेनरवाल्यानं फोनवर सांगितलं, जास्तीच्या जागेचे नऊशे डॉलर. तेवढे पैसे नव्हते, कारण शून्याच्या जागी आता डुकरं येऊन बसली होती.

"इथल्या शाळेतला बँडमास्तर ट्यूबाचे नऊशे देतोय," लोसालिने हळूच म्हणाली. आता ती थट्टा करत नव्हती. "सोमवारी सकाळी येऊन नेईल. फेलेती, लोकांच्या चटया टाकून गेलो तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही रे."

फेलेती बराच वेळ त्या भोंग्यातला एक मोजा बाहेर काढत आणि परत आत घालत राहिला. "बोलाव मास्तरला," तो म्हणाला. त्याची मान खाली गेलेली मी तेव्हाच बघितली. बापाच्या अंत्ययात्रेत सबंध वाट हाच ट्यूबा वाजवत चालला होता, तेव्हासुद्धा ताठ होती.

शनिवारी दुपारी सगळे गॅरेजात जमले. अळूच्या पानांत मांस बांधून भाजलेलं लू, रताळी, डुकरं, सगळं मांडलेलं. घास उचलणार तेवढ्यात हॅमिल्टनच्या बसमधून हेइलाला आत्या उतरली.

आत्या म्हणजे फेलेतीच्या बापाची थोरली बहीण. आमच्यात बापाच्या बहिणीचा मान असा, की भाच्याच्या घरातलं ती जे मागेल ते तिचं. ना म्हणायची पद्धतच नाही. राजा मोठा की आत्या मोठी, असं विचाराल तर राजालाही आत्या असतेच की! आणि खर्चाला भिऊन फेलेतीनं या बाईलासुद्धा जायची तारीख कळवली नव्हती. डोक्यानं हुशार माणूस चुकतो तेव्हा अशी चूक करतो.

सगळे खाली बसले. आत्या सगळ्यांत उंच चटयांच्या ढिगावर बसली. ऐंशीच्या पुढची, पण आवाज असा की माइक लाजावा.

"निरोप कुणाचा आहे?"

"माझा, आत्या," फेलेती पुटपुटला.

"असं होय? मला वाटलं कोणी मेलं. कारण मेल्यावर तरी मला कळवतात."

"कळवणारच होतो, आत्या. तारीख नक्की होत नव्हती..."

"तुझी? जन्माला आलास तोसुद्धा आईला वेळ देऊन आलास! जेवण थंड होतंय, आधी मला वाढा."

तिचं होईपर्यंत कोणी घासाला हात लावला नाही. मग रिवाजाप्रमाणे सगळ्या भेटी तिच्यापुढे मांडल्या. तिनं दोन उत्तम चटया निवडून बाजूला ठेवल्या. आणि तिचं बोट कोपऱ्याकडे वळलं.

"ते काय आहे?"

"खोकं आहे, आत्या."

"खोक्याला डुकराच्या चरबीचा वास येतो? ते मला हवं."

लोसालिनेचा चेहरा पडला, नऊशे गेले. फेलेती उठला. चटया ओलांडत ट्यूबापाशी गेला, उचलून दोन्ही हातांनी पोटाशी धरला, आत्यापुढे आणून ठेवला. "तुमचाच आहे," म्हणाला, आणि पाठ फिरवून डोळे पुसू लागला. नऊशे डॉलरला विकताना जे पाणी दाबून ठेवलं होतं ते फुकट देताना वाहिलं.

आत्यानं भोंग्यात हात घातला. एक लंगोट निघाला. दुसरा निघाला. मोजा, कप, परत लंगोट. आधी पोरं हसली, मग बायका, मग पाद्रीबुवा. आत्या मात्र गंभीर.

"हा माझ्या भावाचा. मग भाच्याचा. आता माझा. लोसालिने, माझी वस्तू कोणी विकेल का गं?"

"नाही, आत्या."

"माझ्या वस्तूवर कोणी चटई ठेवील?"

"छे, आत्या!"

"मग कंटेनरमधे पहिला हा जाईल. बाकी तुम्ही आणि तुमचा फ्रीझर मागाहून. मी ब्रिस्बेनला आले की मला तो चकचकीत दिसला पाहिजे, आणि वाजता ऐकू आला पाहिजे. माझी वस्तू आहे, तू नुसता सांभाळणारा."

फेलेती वळला. तोंड उघडं, गालावर पाणी तसंच.

"आता या चटया," आत्या म्हणाली. "यासुद्धा माझ्याच ना? मग मी वाटते." आणि तिनं बसल्या जागेवरून नावं घेऊन त्या आल्यागेल्यांना वाटून टाकल्या. आपली दिलेली भेट परत घ्यायची कोणाची छाती झाली नसती, पण आत्यानं दिलेली नाकारायची तर त्याहून नाही! ज्या दोघी बायका वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या त्यांच्या चटया नेमक्या एकमेकींना गेल्या. आम्ही बऱ्याच वर्षांपूर्वी एका लग्नात एक चटई खपवली होती, कोपऱ्यात इस्त्रीचा डाग असलेली. ती हिंडून फिरून, डागासकट, आमच्या घरी परत आली. बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

फरशीवर परत खडूची रेघ दिसू लागली.

ट्यूबा विकायला काढल्याचं हॅमिल्टनला कसं कळलं, हे फेलेतीनं मला नंतर विचारलं. मी म्हटलं, "बाबा रे, तिकडे फोन लावायला पैसे पडतात. पण काही खर्च माणसानं करावेत."

सोमवारी ट्रक आला. आत्या खुर्ची टाकून रस्त्यात बसली. "चढवायच्या आधी एकदा वाजव. माझी वस्तू धड आहे का बघू दे." ट्रकवाला तासावर पैसे लावणारा. फेलेतीनं घड्याळाकडे बघितलं, मग घड्याळ काढून खिशात टाकलं. भोंग्यातलं सगळं रस्त्यावर ओतलं आणि वाजवू लागला. लोसालिने त्याच लंगोटांच्या ढिगाभोवती नाचली. शेजारची गल्ली आली, चिनी दुकानदार आला, शेवटी ट्रकवालाही उतरून टाळ्या वाजवू लागला. बँडमास्तर आला होता, तोही ऐकत उभा राहिला.

ते दोघं ब्रिस्बेनला पोचल्यावर आठवडाभरातच आत्यानं तिकीट मागवलं. वस्तूची तपासणी करायला. दोन आठवड्यांसाठी.

काही महिन्यांनी फेलेतीचा फोन आला. फोनचं कार्ड विकत घेऊन बोलायचा तो, मिनिटामिनिटाचा हिशोब. "काका, पटकन बोलतो. आत्या परत जायचं नाव काढत नाही. सकाळी उठून ट्यूबा पुसते, मग मला पुसते, तू पुसलास का म्हणून. तिचं परतीचं तिकीट मी हिशोबात धरलं होतं, पण तिचं राहणं नव्हतं धरलं. आणि ती पोरं! ट्यूबा वाजल्याशिवाय झोपत..."

मागून आवाज आला, "फेलेती! माझं वाजव!"

"आलो, आत्या!" आणि फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग घों घों करत ती जुनी प्रार्थना सुरू झाली. मी रिसीव्हर धरून सबंध ऐकली, दुसरी ऐकली, तिसरीला बायकोलाही बोलावलं. तिकडे कार्ड संपत होतं, आणि फेलेतीच्या ते लक्षातही नव्हतं.