पाटापलीकडच्या मावशी

कालव्याच्या पाटाच्या अलीकडे आमची कॉलनी, पलीकडे बौद्ध वसाहत. दोन्हीकडच्या बायकांचा मिळून आमचा पापडाचा गट होता. पीठ पलीकडच्या एक मावशी भिजवायच्या, लाटायला सगळ्या बसायच्या आणि वाळवण आमच्या गच्चीवर. देवळाली कॅम्पातला एक दुकानदार सगळा माल उचलायचा.

एका उन्हाळ्यात तो म्हणाला, "गिऱ्हाइकं विचारतात, पापड नक्की कोणाच्या हातचे?"

मी हे गटात सांगितलं, तेव्हा आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "मग आपले आपण करू. त्यांनी त्यांचे करावेत. वाद नको."

"वाद आहे कुठे?" मी म्हणाले. "रोज एकत्र डबे खातो आपण."

"ते आपल्यापुरतं. धंद्याचं वेगळं असतं."

मला वाटलं, अजून कोणीतरी बोलेल. कोणी बोललं नाही. मावशींनी पदराला हात पुसले. "राहू द्या ताई, ओढाताण नको," म्हणाल्या आणि त्यांच्या बायकांना घेऊन निघून गेल्या.

आमच्याकडे हात कमी पडले, माल वेळेवर जाईना. त्यांच्याकडे वाळवायला जागा नव्हती, माल घेणारं दुकानही नव्हतं. दुकानदाराने कारखान्यातले मशीनचे पापड ठेवले. ते कोणाच्या हातचे, हे कोणीच विचारलं नाही. दोन्हीकडच्या बायका घरी बसल्या.

माझी मुलगी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिला हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आई, माणूस फार मोठा काळ लहान टोळ्यांत राहिला. टोळीतला तो आपला, बाहेरच्याची भीती. ते अजून अंगात आहे."

"मग आम्ही एका परातीतलं पीठ लाटत होतो, ती टोळी नव्हती का?"

"होती ना. आपलं कोण, हे माणसं नव्याने ठरवू शकतात. तुम्ही ठरवलं होतं. मग मोडलंत."



परवा बसमध्ये मावशी भेटल्या. पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये जातात, रोज जाऊन-येऊन.

"परत सुरू करू या का आपण?" मी विचारलं.

त्या हसल्या. "आता नको ताई. तिथं माल निवडायचा, घरी यायचं. कोणाला काय विचारायचं नाय, सांगायचं नाय."

मला पुष्कळ बोलायचं होतं. पण पिंपळगाव आलं, त्या उतरल्या. मी पुढे लासलगावला बहिणीकडे गेले.