दमयंतीबाईंनी नाकारलेली गाडी

राहात्यात डॉक्टर दमयंती निसळ यांचा दवाखाना होता आणि अडलेल्या बाळंतपणासाठी त्यांना आसपासच्या खेड्यांतून बोलावणं यायचं. बोलावणं बैलगाडीतून यायचं आणि बाईही त्याच बैलगाडीतून जायच्या. सेहेचाळीस सालच्या चैत्रात पुणतांब्याच्या बाजूला चांगुणा नावाची पोर अशीच अडली होती. बाई पोचल्या तेव्हा मूल गेलेलं होतं. चांगुणा वाचली. तिची सासू मालनबाई रागावली नाही की रडलीही नाही. हात धुवायला पाणी घालताना तिनं एवढंच विचारलं, "बाई, तुमी सकाळी आल्या असत्या तर जगलं असतं का?"

बाईंना खोटं बोलता आलं नाही. "हो, बहुतेक जगलं असतं," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "मला मोटार घ्यायची आहे."

हेमचंद्र इंग्रजी शाळेत संस्कृत शिकवायचे. मोटारीतलं त्यांना काही कळत नव्हतं आणि ते तसं मोकळेपणानं सांगायचे. बाईंना मात्र कळत होतं. त्यांचे वडील कालव्याच्या खात्यात होते. सरकारी गाडी काठच्या कच्च्या रस्त्यावर काढून त्यांनीच लेकीला चालवायला शिकवलं होतं, आणि गाडी बिघडली की दोघं मिळून ती उघडायचे.

पण मोटार आणायची कुठून? लढाई संपली तरी नवीन गाड्या अजून येत नव्हत्या. जुन्या होत्या त्या कोणी सोडत नव्हतं. डॉक्टर म्हणून पेट्रोलची जादा कुपनं मिळाली असती, पण ती घालायची कशात? दोन महिने नुसते निरोप धाडण्यात गेले. शेवटी कळलं की नगरच्या कॅम्पातला एक गोरा कॅप्टन विलायतेला परत गेलाय आणि त्याची गाडी श्रीमंत गाडे नावाचा दलाल विकतोय. गाडी दोन माणसांची, उघडी, शर्यतीत पळवतात तसली.

"दोनच माणसांची?" हेमचंद्रांनी विचारलं. "मग पेशंट कुठे बसणार?"

"पेशंटला बसायचं नाहीये. मला त्याच्याकडे पोचायचंय."

दोघं चितळी स्टेशनावरून आगगाडी पकडून नगरला उतरले. टांग्यानं कॅम्पात गेले. एका रिकाम्या बंगल्याच्या आवारात ती मोटार उभी होती. बुटकी, हिरवी, लांब नाकाची. बाईंना ती पाहताक्षणी आवडली, आणि आवडली म्हणूनच त्या जरा सावध झाल्या.

श्रीमंत गाडे पुढे आला तो थेट हेमचंद्रांकडे. "या साहेब! बगा, कशी घोड्यावानी हाय. कॅप्टनसायबानं पोटच्या पोरावानी सांबाळली."

बाईंनी बॉनेटवर हात ठेवला. पत्रा चांगलाच गरम होता.

"आत्ता चालवली होती का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई साहेब," श्रीमंत हेमचंद्रांना म्हणाला, "उनानं तापली."

गाडी झाडाच्या गर्द सावलीत होती. बाई म्हणाल्या, "इंजीन थंड होऊ द्या. मग सुरू करून दाखवा." श्रीमंतनं हेमचंद्रांकडे बघितलं. हेमचंद्र झाडाकडे बघत होते.

ते व्हरांड्यात बसून राहिले. डब्यातल्या पोळ्या खाऊन झाल्या, श्रीमंतच्या दोन विड्या झाल्या. मग त्यानं हँडल मारलं. मारत राहिला, पार घामाघूम झाला. गाडी खोकायची आणि गप्प व्हायची. शेवटी एकदाची लागली तेव्हा मागून निळा धूर निघाला.

"रेशनचं पेट्रोल साहेब. निम्मं राकेल असतंय."

"तेल जळतंय," बाई म्हणाल्या. "पिस्टनच्या रिंगा गेल्यात. त्या बदलता येतील. आता मी चालवून बघते."

"बाईसाहेबांनी कशाला तरास घ्यायचा? साहेब, तुमीच बसा की. मी फिरवून आनतो."

तेव्हा हेमचंद्र उठले. वर्गातसुद्धा आवाज न चढवणारा तो माणूस, पण कान लाल झाले होते. "हे बघा गाडे, गाडी घेणार ती, चालवणार ती, आणि नको म्हणायचं तर तेही तीच म्हणणार. मी डबा घेऊन आलोय. यापुढे माझ्याशी एक शब्द बोलू नका."

बाईंनी पदर कमरेला खोचला आणि त्या स्टिअरिंगवर बसल्या. शेजारी श्रीमंत जीव मुठीत धरून बसला. भिंगारच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी वेग वाढवला. वारा तोंडावर आला, केस सुटले. कितीतरी वर्षांत त्यांना असं मोकळं वाटलं नव्हतं. पुणतांबा, कोल्हार, सगळी गावं एकदम जवळ आल्यासारखी वाटली. मग समोर म्हशी आल्या आणि त्यांनी ब्रेक दाबला. गाडीनं सरळ डावीकडे ओढ घेतली. पुन्हा दाबून पाहिला, पुन्हा तसंच.

आवारात परतल्यावर त्यांनी गोणपाट मागितलं, जमिनीवर पसरलं आणि नऊवारी सावरत गाडीखाली शिरल्या. कुंपणापाशी चार शिपाई जमले. कोणीतरी हसलं. बाईंनी खालून बोटानं चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, चाचपली. पुढच्या चाकामागे काळा रंग जाड लागला होता. नखानं खरवडला तर खाली वेल्डिंगचा ओबडधोबड सांधा निघाला, आणि त्या सांध्यातच केसासारखी नवी चीर.

बाई तशाच काही वेळ पडून राहिल्या. चीर बारीक आहे, दोन वर्षं सहज निघतील, असं त्यांच्या मनात आलं. मग कालव्याचे खड्डे, ओढ्यातले दगड डोळ्यांपुढे आले. त्या बाहेर आल्या. पाठीला माती, कपाळाला तेल.

"गाडी उलटली होती. चासी तुटून जोडलीय आणि परत तुटतेय. हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"आवो बाई, त्ये कंपनीतनंच तसं येतंय," श्रीमंत पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलला. "बायामान्सांनी खाली बगायचं नसतंय. गाडी वरनं बगायची."

"गाडी नको," म्हणून बाईंनी टांगा बोलावला. स्टेशनवर मात्र फलाटावर उभ्या उभ्या त्यांचा बांध फुटला. "त्या माणसाचा राग नाही हो आला मला. मला ती गाडी हवी होती! तुटकी निघाली नसती तर आज रात्री घरी मोटारीनं गेले असते मी. सगळं बरोबर ओळखलं, आणि हातात काय? चितळीचं तिकीट."

हेमचंद्रांनी रुमाल ओला करून आणला आणि बाईंच्या कपाळावरचं तेल पुसलं.

आठवड्यानं कळलं की गाडी एका बागाईतदारानं घेतली. श्रीमंतनं त्याला सांगितलं म्हणे, एक डाक्टरीण पाहून गेली, पण बायकांना काय कळतंय. बाईंनी त्या बागाईतदाराला माणूस पाठवून चिरेबद्दल कळवलं. त्यानं हसून उडवून लावलं.

पुढचं सगळं वर्ष बाई बैलगाडीतूनच फिरल्या. मग संगमनेरच्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडून त्यांना एक जुनी, अवजड, चौकोनी मोटार मिळाली. चढ आला की ती उकळायची आणि उतरून पाणी घालावं लागायचं. त्यांना ती कधीच आवडली नाही. तिच्यावर चिडत, लाथा घालत त्यांनी ती बारा वर्षं चालवली, आणि त्या बारा वर्षांत खेडोपाडी त्या बहुतेक वेळेवर पोचल्या.