ग्रुपचं नाव 'मंडळी'

मी आयटीवाला माणूस. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी आधी वायर नीट लागलीये का ते बघतो. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... तरी लिहितो.

चितेगावच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. आमचे स्टोअरचे साळवे काका गेल्या वर्षी अचानक गेले. त्यांच्या ऑफिसच्या मेलवर सप्लायर लिहीत राहणारच, म्हणून मी ऑटो फॉरवर्ड लावलं — काकांना येणारा प्रत्येक मेल आपोआप ऑफिसातल्या आम्हा चौघांच्या ग्रुपला. ग्रुपला नाव दिलं 'मंडळी'. जेवणाच्या सुट्टीत काका "चला मंडळी" अशीच हाक मारायचे. नाव टाइप करताना भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू.

दीड महिन्यानं काकू ऑफिसात आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पेढ्यांचा पुडा, सोबत भाची.

"भाऊ, लई उपकार झाले. मेल धाडला नसता तर माझा नंबर हुकला असता."

"कसला मेल, काकू?"

काकूंचा एक डोळा आधीच गेलेला. दुसऱ्याच्या ऑपरेशनसाठी काकांनी दवाखान्यात नाव नोंदवलं होतं आणि मेल दिला होता ऑफिसचा. ऑपरेशनच्या तारखेचा मेल आला, आणि तारीख थेट दुसऱ्याच दिवशीची. हुकली असती तर तोही डोळा गेला असता. भाचीनं मेल वाचून दाखवला आणि दोघी वेळेत पोचल्या.

आम्हा चौघांपैकी एकालाही तो मेल आला नव्हता. त्या दिवशीचे बाकीचे सगळे आले होते!

मी ग्रुप उघडून बघितला. चारच पत्ते. काकूंचा नाही — असणार कसा? तो भाचीनं काका गेल्यावर काढून दिलेला, कुणाला सांगितलेलाही नव्हता. मग काकूंचा मोबाइल घेतला. पाठवणारे: साळवे काका. कुणाला: मंडळी.

"हे आमच्या ग्रुपचं नाव आहे, काकू."

काकू हसल्या. "भाऊ, ह्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाय. घरी कुणी आलं की म्हणायचे, ही आमची मंडळी."

बायकोला मंडळी म्हणतात हे मला काय ठाऊक नव्हतं? पण नाव देताना डोक्यातच आलं नाही.

निघताना त्या म्हणाल्या, "मीबी ह्यांना उत्तर धाडलं. डोळा बरा हाय, आता काळजी करू नका म्हणून."

ते उत्तर आम्हा चौघांना यायला हवं होतं. आलं नाही. लॉग तपासले, सर्व्हरवाल्यांचं डोकं खाल्लं, आजतागायत कारण सापडलेलं नाही. साहेब मेलबॉक्स बंद कर म्हणतात, मी काहीतरी सबब सांगून ढकलतोय.

कारण काकू गेल्यावर मी तो मेलबॉक्स उघडला होता. पासवर्ड एकट्या माझ्याकडे, आणि फॉरवर्ड लावल्यापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो. सगळे मेल ठळक अक्षरांत, न वाचलेले... काकूंचा तेवढा वाचलेला होता.