दत्तोबांनी न काढलेली रेघ

कासारवाडीत स्टेशनच्या मागच्या गल्लीत दत्तोबा शिनगारे राहतात. वय अडुसष्ट, मूळ गाव बीडकडचं. या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या जुन्या टूलरूमवाल्यांपुढं त्यांचं नाव काढलं, तर माणसं आधी कानाच्या पाळीला हात लावतात, मग बोलतात.

दत्तोबा मार्किंगवाले. लोखंडाचा ओबडधोबड ओतीव तुकडा टेबलावर यायचा आणि भोक कुठं पाडायचं, कुठं कापायचं, त्या रेघा हे आखून द्यायचे. रेघ चुकली की पुढच्या सगळ्यांची मेहनत भंगारात. चौतीस वर्षं हेच केलं, त्यामुळं ‘अंदाजे’ हा शब्द ऐकला की यांचं डोकं फिरायचं. घरात खिळा ठोकायचा तरी पट्टी लागायची. त्यापायी बायकोची, रुक्मिणीबाईंची, किती कॅलेंडरं दिवाळीपर्यंत गुंडाळलेलीच राहिली, ते त्यांनाच ठाऊक.

एकदा मात्र रेघ चुकली. कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, भोकं पाडून झाली होती, दोष ड्रिलवाल्यावर सहज खपला असता. दत्तोबा आपण होऊन फोरमनपुढं गेले आणि म्हणाले, “रेघ माझी आहे.” सगळ्या खात्यापुढं अशी कबुली देणारा दुसरा माणूस निदान मी तरी ऐकलेला नाही.

टूलरूमच्या आधी, तरुणपणी, सहा वर्षं ते भट्टीच्या पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉसची पांढरी दोरी गुंडाळायचं काम करत. दोरीची धूळ उडायची, तोंडाला साधा रुमाल नसायचा. ती धूळ चाळीस वर्षं गप्प बसली आणि गेल्या वर्षी डाव्या फुप्फुसाच्या आवरणात कॅन्सर होऊन उठली. मेसोथेलिओमा. दत्तोबांनी ते नाव कागदावर लिहून घेऊन पाठ केलं. ऑपरेशन करून आवरण काढलं. मागं राहिलेलं जाळायला पंचवीस दिवस शेक द्यायचं ठरलं. रेडिएशनला आपल्याकडं शेकच म्हणतात. खालीच हृदय आहे, तेव्हा किरणं ठरल्या जागीच पडली पाहिजेत, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यासाठी शाईच्या तीन फुल्या काढल्या. दोन छातीवर आणि एक डाव्या कुशीत, जरा मागच्या अंगाला. त्या पुसू द्यायच्या नव्हत्या.

दत्तोबांना ही पद्धत फार पटली. पिंपरीच्या हॉस्पिटलात रोज टेबलावर पडायचं, मशीन चालवणारा जयदीप त्यांचा दुखरा डावा हात अलगद डोक्यावर नेऊन ठेवायचा, आणि लाल उजेडाची रेघ फुल्यांवरून जुळवायचा. ती जुळेपर्यंत दत्तोबा श्वाससुद्धा बेतानं घेत.

मे महिना होता. सतरावा शेक झाला त्या दुपारी रुक्मिणीबाईंनी त्यांची घामेजलेली पाठ ओल्या फडक्यानं टिपली, आणि कुशीतली फुली फडक्यावर आली. सांगितलं तर सतरा दिवस वाया जातील, पुन्हा एकपासून सुरू करतील, असं त्यांनी मनाशी धरलं. दत्तोबांचा डोळा लागल्यावर त्यांनी पेन घेतलं आणि आठवेल तशी फुली काढली. कुणाला काही बोलल्या नाहीत.

सकाळी शर्ट चढवताना दत्तोबांनी कपाटाच्या आरशात कूस पाहिली. रेघ जाड होती आणि टोकाला किंचित वर वळलेली. रुक्मिणीबाईंच्या उंबऱ्यावरच्या रांगोळीत रोज दिसणारं हे वळण त्यांना ओळखू आलं नसतं तर नवल. त्यांनी गुंड्या लावल्या आणि चहा मागितला.

टेबलावर मात्र जयदीप रेघ जुळवायला लागताच ते म्हणाले, “साहेब, थांबा. कुशीतली खूण तुमची नाही. पुसली होती, घरी काढली.”

“घरी? कुणी काढली?”

रुक्मिणीबाई दारात होत्या, हातात त्यांचा शर्ट.

“रेघ माझी आहे,” दत्तोबा म्हणाले.

चौतीस वर्षांत रेघेच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला, आणि मला विचाराल तर फोरमनपुढच्या त्या खऱ्यापेक्षा हे खोटं मोठं.

जयदीपनं चार शब्द सुनावले. नातवाच्या वयाच्या पोराचं बोलणं दत्तोबांनी मान खाली घालून ऐकलं. त्या दिवशीचा शेक राहिला. पुन्हा स्कॅन झाला, नव्या फुल्या आल्या. घरची फुली बोटभर सरकलेली निघाली. सतरा दिवस वाया गेले नाहीत, पुढं अठरावाच धरला. बसमधून येताना दत्तोबा उन्हाबद्दल बोलत राहिले.

पंचविसावा शेक झाला त्या दिवशी दत्तोबा कपडे करायला आत गेले, तेवढ्यात बाईंनी जयदीपला गाठलं. “ती फुली म्या काढली व्हती. त्यांनी माझ्यापायी बोलणं खाल्लं.”

“मावशी, मला त्याच दिवशी कळलं होतं,” जयदीप म्हणाला. “ऑपरेशन झाल्यापासून काकांना अंग वळवता येत नाही. त्यांचा हात तिथवर पोचणार कसा?”

“मग त्यांना का बोललात?”

“त्यांनी अंगावर घेतलं होतं ना. तुम्ही दारात उभ्या होतात. त्यांना खोटं पाडलं असतं तर सगळं तुमच्यावर आलं असतं.”

दत्तोबा बाहेर आले. दुखऱ्या हातानं लावलेल्या गुंड्या एका घरानं चुकल्या होत्या. रुक्मिणीबाईंनी तिथंच, लोकांदेखत, सगळ्या सोडून एकेक नीट लावायला घेतल्या.

“अंदाजे लावल्या व्हय?” त्या म्हणाल्या, आणि शेवटची गुंडी काही केल्या त्यांना दिसेना.