काजळीची डबी

वाशीमच्या आमच्या हौशी नाटकमंडळीत मी एकवीस वर्षं शिपाई, गडी, दरोडेखोर आणि एकदा यमाचा रेडा झालो. रेड्याला निदान शिंगं तरी होती! माझा रंग मुळातच काळा, तरी आमचा रंगभूषाकार दरवेळी डबीतली काजळी माझ्या गालांवर चोळायचा. आमच्याकडे बोलताना 'ळ'चा 'य' होतो. म्हणायचा, "दिव्यात उजय दिसतं तू."

मागच्या वर्षी लेकीने मोबाइलवर एक जुना अमेरिकन सिनेमा लावला. त्यात एक काळा नट. साहेबांच्या टोप्या घ्यायच्या, डोळे गरागरा फिरवायचे, दार लावायचं, संपलं काम. लेकीने शोधून सांगितलं, की जन्मभर त्याला अशाच नोकराच्या भूमिका मिळाल्या. तिकडे काळ्या नटांनाही जळक्या बुचाची काजळी फासायला लावत. मी तो प्रसंग सात-आठदा पाहिला. दार लावताना क्षणभर त्याचं हसू जातं. तेवढा क्षण त्याचा स्वतःचा. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी तालमीत सांगून टाकलं, "यंदा न्यायाधीश मी. नाहीतर पडदा ओढायलेही दुसरा पाहा." पाठांतर माझंच पक्कं, म्हणून दिग्दर्शक कुरकुरत कबूल झाला.

प्रयोगाच्या संध्याकाळी रंगभूषाकाराने मला समोर बसवलं आणि पांढरी पावडर थापायला लागला.

"हे काय बे?"

"जजसाहेब हायेस तू. थोडा गोरा नको?"

"मंग इतकी वर्षं कायं काहून फासलं?"

"तवा शिपाई होता ना!" तो मनापासून म्हणाला. त्याला यात वावगं काही दिसतच नव्हतं. म्हणूनच जास्त संताप आला.

मी उठलो, मागच्या नळावर तोंड खसखसून धुतलं आणि तसाच न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसलो. पडदा वर गेला. यंदाचा शिपाई म्हणजे बँकेतला एक गोरापान कारकून. तो आत आला, वाकला. मानेपर्यंत काजळी! डबी वाया गेली नव्हती तर.

"हुजूर, आरोपी हजर आहे."

माझं पुढचं वाक्य होतं, 'त्याला आत आणा.' मी ओरडलो, "आधी तोंड धुऊन ये! मग बोल!"

कारकून घाबरून खरंच विंगेत पळाला. प्रेक्षकांना वाटलं, नाटकातलंच आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी हसलो नाही. तो ओल्या, गोऱ्या तोंडाने परत येईपर्यंत खटला थांबवून ठेवला.